करुणाच्या फिल्मची चौकशी

आखाडा बाळापूर,
२७ जून २००४

आदरणीय कोंडीबा दाजी यांना मेव्हणा रत्नपालचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा हाय? भागूआक्काला झोप लागते का? इकडं आमी सगळे ठीक, फक्त माझं डोकं पुण्याहून आल्यापासून ठिकाणावर न्हाई, तेवढं सोडून.

आक्कानं रडत सांगितलं होतं की करुणा पुण्यात शिकायला गेली अन् आता फिल्ममधी काम करून राहिली, हे सगळ्या हट्टा गावात पसरलं, अन् हिंगोलीचे पाहुणे बघायला यायचे तर पोरगी म्हणते, फिल्म पुरी झाल्याबिगर येत न्हाई. मी आक्काला शब्द दिला होता की भाचीचा हात धरून गाडीत बसवून आणतो. कंडक्टर माणूस हाय मी, भल्याभल्यांना गाडीत बसवलं. म्हणून रजा टाकली अन् निघालो. (आक्कानं दिलेला हळदीचा डबा करुणाला पोचला. झाकण गाडीत उघडलं होतं. माझा पांढरा शर्ट आता पांढरा न्हाई.)

तर दाजी, पहिली गोष्ट, ती फिल्म वेगळी हाय. करुणानं मला तिच्या लॅबमधी नेऊन चिमट्यात धरून नखाएवढा चकचकीत तुकडा दाखवला. मी म्हणलं, फिल्म कुठं हाय? तर म्हणे याच्यावर चढवलेली हाय, केसापेक्षा कितीतरी पातळ, डोळ्याला दिसत न्हाई. कशाची, तर ऑक्साइडची, अन् त्याला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. मी बी शाळेत गेलेलो हाय, फेरो म्हणजे लोखंड एवढं मला ठाऊक. मी म्हणलं, लोखंडाची हाय म्हण की. तर म्हणे, मामा, यात लोखंड अजिबात न्हाई. मंग नाव काहून तसं? तर ते जुन्या लोकांनी ठेवलं. (आपल्याकडं बी गोरा नावाचा काळा माणूस असतो, पण त्याच्यावर कुणी पीएच.डी. करत न्हाई.)

आता तिचं काम काय, ते नीट ध्यान देऊन वाचा, कारण मला दुसऱ्यांदा सांगता येणार न्हाई. त्या फिल्ममधले अणू ओळीनं बसलेले असतात अन् जाग्यावरच सारखे थरथरतात. त्यांच्यावर ती एक किरण सोडते. त्याचं नाव टेराहर्ट्झ. तो बी दिसत न्हाई. एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला रेडिओ, अन् हा त्या दोघांच्या मधला. म्हणजे जिथं कुठलीच गाडी थांबत न्हाई असा फाटा, असं मी आपलं समजून घेतलं. न दिसणाऱ्या फिल्ममधून न दिसणारा किरण पार जातो, अन् थरथर केवढी हाय ते कॉम्प्युटरवर रेघेत दिसतं. फिल्म गार गार करत गेलं की थरथर मंदावते. मी हो हो म्हणत होतो. दाजी, एवढ्या वेळा हो मी साहेबापुढं बी म्हणलो न्हाई.

मंग ती कुणाशी तरी बोलायला बाहेर गेली अन् मला म्हणाली, कशाला हात लावू नका. मी हात लावला न्हाई. (टेबलाला जरा टेकलो तर ते हललं. ते हवेवर तरंगतं म्हणे, हे आधी सांगायला पाहिजे का न्हाई?) पण एवढ्या दूर येऊन थरथर बघितलीच न्हाई तर आक्काला काय सांगू, म्हणून तिथल्या काचेसारख्या पेटीचं झाकण वर केलं अन् तोंड आत घातलं. दिसलं काहीच न्हाई. पण तिकडं कॉम्प्युटरवर जी रेघ टेकडीसारखी गुळगुळीत होती, तिला करवतीचे दात फुटले.

करुणा पळत आली. त्या पेटीत मुद्दाम कोरडी हवा भरलेली असते, कारण पाण्याची वाफ त्या किरणाला पिऊन घेते. दात दाखवून ती म्हणाली, "मामा, हा तुमचा श्वास हाय."

आपला श्वास असा समोर काढून ठेवलेला मी जन्मात पाहिला न्हाई. सगळं मोजमाप वाया गेलं. पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती स्टुलावर बसून राहिली. मी वेळ साधून पाहुण्यांचा विषय काढला. (आता कळतं, वेळ ती नव्हती.) तिनं कॉम्प्युटरवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मंग म्हणाली, "मामा, याच ऑक्साइडच्या मोठ्या खड्यात ही थरथर गारठ्यानं मंदावत जाते. माझ्या फिल्ममधी ती मधीच अडते. काहून अडते ते मला बघायचं हाय. बाबाला सांगा, लग्नाला मी न्हाई म्हणत न्हाई. पण हे अर्ध्यावर सोडून मी तिथं बसले तर माझं ध्यान इथंच राहील."

हे समजायला सायन्स लागत न्हाई, दाजी. मी पिशवी उचलली. स्टँडापर्यंत तीच सोडायला आली, अन् गाडीत तिनं मला बसवलं. तिला आणावं का राहू द्यावं, याचा विचार बाळापूरपर्यंत केला अन् उतरलो तेव्हा बी तेवढाच गोंधळलेलो होतो. बाप तुमी, तुमीच ठरवा.

आक्काला धीर द्या.

तुमचा,
रत्नपाल

ता. क. : ठरवायची घाई करू नका. परवा माझ्याच गाडीत हिंगोलीच्या त्या मुलाचे वडील चढले. मुलगी काय करते विचारलं, मी खरं ते सगळं सांगितलं, न दिसणारी फिल्म, न दिसणारा किरण, बिगर लोखंडाचं लोखंड. ते त्यांच्या गावाच्या आधीच उतरले. करुणाला फोनवर कळवलं तर म्हणाली, मामा, तुमी बराबर सांगितलं.

आणखी ता. क. : पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठी. आमची सुजाता दहावी पास झाली. तिला सायन्सला जायचं होतं अन् मी घरात सगळ्यांच्या आधी न्हाई म्हणलो होतो. काल फॉर्म भरून आलो. करुणाची अकरावीची पुस्तकं तुमच्याकडं असतील तर बाळापूरच्या गाडीत ड्रायव्हरच्या शीटमागं ठेवून द्या. मी अजून तुमाला विचारलं बी नव्हतं, अन् पोरगी आजपासूनच स्टँडावर जाऊन गाडीची वाट पाहून राहिली.