बिनमिठाची पेज

२ डिसेंबर
पोचली बाई एकदाची! गोंडपिपरीहून अहेरीपर्यंत लाल गाडीनं, तिथून जंगलातून जीपनं. जीपवाला मानसं कोंबतच होता. म्या म्हटलं, भाऊ, आनखी एक घेशीन त मले कोनाच्या तरी मांडीवर बसा लागन, मंग लगनबी तूच लावून दे. सारी जीप हासली. माधवी सोडून.

माधवी माही पोरगी. सूरज झाल्यापासून तिचं मन जाग्यावर नाई. झोपत नाई, रडते, लेकराले कुशीत घेत नाई. चंद्रपूरच्या डॉक्टरच्या गोळ्यानं जरासा फरक होता. पन जावयानं आयकलं का इथी अन्नानं मन बरं करतेत. म्हनून मी सयपाकीन होऊन आली, बदल्यात पोरीचा इलाज. सूरजले इहीनीजवळ ठेवलं, गुणाबाईजवळ. तिले बजावलं, नातवाले तुह्यासारखं नाक मुरडाले शिकवू नको.

जागा लय साजरी हाये. अंगनात मोहाचं झाड हाये.

३ डिसेंबर
साधनाताई हे ठिकान चालवते. सयपाकघरात मीठ नाई, तिखट नाई, आंबट नाई. तिन्ही वेळा कोदोची, त्या बारक्या भरड धान्याची, पेज. म्हने चवीनं मन चाळवते, पोट थंड त डोस्कं थंड. म्या म्हटलं, मंग मले काऊन बलावलं, पानी त कोनीबी उकळते. सारे आजारी लोक ओळीनं बसले होते. एकबी हासला नाई.

ताईनं माधवीच्या गोळ्या चुलीत टाकल्या. मले बरं नाई वाटलं. पन बोलते लय गोड.

जेवाच्या आंधी एक घास पानावर काढून माह्या मालकाच्या नावानं बाहीर ठेवला. हे गेले तवापासून ठेवते, अन शिव्याबी देते. घ्या लटारूबुवा, जिते होते तवा माह्या भाजीले नावं ठेवत होते, आता खा गुमान. कुत्रं आलं, हुंगलं, शेपूट घालून गेलं.

६ डिसेंबर
सुकलूभाऊ जंगलातल्या गावाहून बैलगाडीत कोदो आनते. म्या म्हटलं, भाऊ, माह्यासाठी एखांदा म्हातारा नवरा पाहा, दात नसन तरी चालन, इथी चावाले काईच नाई. तो लय हासला. मंग हळूच म्हने, बाई, हा कोदो पान्यात भिजून ढिगात काळा पडला हाये. खाल्ला त झिंग येते. आमी गाईलेबी नाई टाकत. ताई मुद्दाम हाच मांगते.

ताईले इचारलं. ती म्हने, त्याचं नका आयकू, पोरीकडं पाहा. खरंच. माधवी झोपली होती. किती महिन्यानं! म्या मुकाट्यानं चूल पेटवली.

११ डिसेंबर
माधवी रडत नाई. पन सूरजचं नावबी काढत नाई. त्याचं अंगडं मी संगं आनलं होतं, तिच्या हातात देलं. तिनं त्या अंगड्यानं चुलीवरचं पातेलं धरलं अन उतरवलं.

चाखल्याबिगर वाढू नाई, मायनं शिकवलेलं. म्हनून दर पातेल्यातली पेज मीबी चाखते. आज दिवसभर कोनाले चिडवाचं सुचलंच नाई.

१३ डिसेंबर
लुगड्याच्या गाठीत तिखटमिठाची पुडी होती, घरून आनलेली. आज चिमूटभर जिभेवर ठेवली. डोळ्यातून पानी आलं अन डोस्क्यातलं धुकं फाटलं. माधवीलेबी चाटवली. ती सूरज, सूरज करत अशी रडली, पोलकं दुधानं भिजलं. मीबी रडली. हासलीबी.

उद्या सुकलूभाऊच्या गाडीत दोघी निंघतो. पेजेले शिवाचं नाई.

१४ डिसेंबर
पुडी नाई. ताई म्हने, भागीरथाबाई, तुमीच त सकाळी आनून देली, चुलीत टाका म्हने. मले आठवत नाई. बोटाले तिखटाचा वास हाये —

ताई म्हने, पेज चाखली नाई त वाढता कशा? चाखली.

गाडी आली. मी फाटकात उभी होती. गाडी गेली. काऊन उभी होती मी —

सोमवार
पानावर घास काढला. कोनासाठी काढते मी? ल — जिभेवर हाये. त्याले शिव्या द्याच्या असते. कोनत्या —

बजाराचा दिवस
फाटकात एक बाई आली हाये. कडेवर लेकरू. मले इहीनबाई, इहीनबाई म्हनते. नाक लय मुरडते. म्हने चला घरी, पोरीले घ्या. कोनती पोरगी —

लेकरू रडून राह्यलं. इथी कोनी रडत नाई. ताई म्हने भुकेलं असन.

सयपाकघरातली पोरगी पेज घेऊन आली. तिच्या पोलक्यावर दुधाचे डाग हायेत. ती लेकराकडं पाहत नाई.

फाटकातली बाई आरडते, नको म्हनते. तिले धरून ठेवलं.

पेज निवाले ठेवली, तवर लिवते. लेकराचं नाक कोनासारखं तरी — कोनी तरी म्हटलं होतं, नाक —

निवली. मीच चाखली. लेकरानं आ केला हाये, ताईनं चमचा मले देला, मी