एकच ओटा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २ ऑगस्ट १९३३

ती. अण्णांस, शांतम्माचे शरणार्थ वि. वि.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई परवा लोकल बोर्डाच्या सभेहून आल्या आणि आल्या आल्याच मला हाक मारली. मंगळवेढ्याखालच्या गावांसाठी बाळंतपणाचा एक दवाखाना निघणार आहे. जागा गावाने द्यायची, नर्स बोर्ड देणार. गाव अजून ठरायचे आहे. मी आपल्या गावाचे नाव सांगितले, आणि नर्स म्हणून माझेही. तेव्हापासून कामात चित्त नाही. काल उकळत ठेवलेली भांडी पार कोरडी होईपर्यंत विसरले.

अण्णा, रस्त्याकडची आपली तेलाची वखार आप्पा गेल्यापासून बंदच आहे. ती द्या. पण दवाखान्यात बसायचा ओटा सगळ्या बायकांना एकच राहील. एका दवाखान्यात वेशीबाहेरच्या बायकांना उन्हात बसवतात आणि औषध वरून ओततात, ते मी पाहिले आहे. माझ्या हातून तसे होणार नाही.

वैनींची वेळ दसऱ्याच्या सुमाराची. मागचे बाळ बाळसे धरायच्या आत धनुर्वाताने गेले, ते मनातून जात नाही. त्यांची तब्येत सविस्तर कळवा. अव्वाला जागेचे हळूहळू सांगा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची शांता

---

मु. गाव, ता. १७ ऑगस्ट

चि. शांतास, अण्णाचा आशीर्वाद.

तुझं पत्र टपालाच्या मास्तरांनी चावडीवर दिलं आणि तिथंच फोडलं, म्हणून अव्वाच्या आधी गावाला कळलं. अव्वा म्हणती, पोरगी कुणाकुणाच्या अंगाला हात लावणार आणि तशीच चुलीजवळ येणार काय. मी म्हटलं, ती तुझ्यापेक्षा जास्त हात धुती.

वखार द्यायला माझी ना न्हाय. पण कल्लप्पा पंचाचं म्हणणं पडलं की वेशीबाहेरच्या बायांना वेगळा वार लावून द्यावा, त्या मागच्या दारानं येतील. मी व्हय म्हणून बसलो. मला गावात राहायचं हाय की. त्यांना औषध मिळाल्याशी कारण, त्यात काय बिघडलं?

वैनीचं म्हणशील तर हेमावतीचे पाय सुजलेत. ईरम्मा सुईण म्हणती, जडपणाचं हाय, पोरगा होणार. डोकं मात्र लई दुखतं म्हणती. तू रागावू नको, राग आला तरी पत्र धाड.

अण्णा

---

सोलापूर, ता. २१ ऑगस्ट

ती. अण्णांस, शरणार्थ.

बाकी सगळे राहू द्या. पाय सुजले आणि डोके दुखते, ही लक्षणे चांगली नाहीत. तोंडही सुजले आहे का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? अशा बाईला एकाएकी झटके येतात आणि मग आई व मूल दोघांचेही सांगता येत नाही. मिळेल त्या मोटारीने वैनींना इकडे आणा.

वेगळ्या वाराचे मला मान्य नाही. वार ठरवून कुणी बाळंत होते का? बोर्ड दुसरे गाव पाहील, मी इथेच राहीन. पण वैनींना आणा. टपाल आले की फाटकापर्यंत पळते आहे.

शांता

---

मु. गाव, ता. २९ ऑगस्ट

चि. शांतास आशीर्वाद.

पोटुशीनं नदी ओलांडू नये म्हणून अव्वा निघू देईना, त्यात दिवस गेले. आज हेमावतीला समोरचा दिवा धुरकट दिसला. तोंडही सुजलंय. अव्वा आता आडवी येत न्हाय. उद्या पहाटे निघतो. ही चिठ्ठी रातच्या मालमोटारीवाल्याकडं पुढं धाडतो, खाट तयार ठेव.

अण्णा

---

सोलापूर, ता. ८ सप्टेंबर

ती. अण्णांस, शरणार्थ.

वैनी वाचल्या, हे पहिल्यांदा लिहिते. अव्वा तापाने पडल्याचा निरोप आला, तुम्ही परत गेलात, आणि त्याच दुपारी झटके सुरू झाले. डॉक्टरीणबाई खाटेपासून हलल्या नाहीत. मुलगी झाली. दिवसांआधीची, ओंजळीत मावेल एवढी.

वैनी शुद्धीवर नव्हत्या. पोर साखरपाण्याची वात चोखीना, रडायचीही थांबली. शेजारच्या खाटेवर आपल्याच गावची, वेशीबाहेरची सोनाबाई होती. तिचा नवरा धोंडीराम इथे गिरणीत आहे. तिचे बाळ अंगावर पीत होते. मी पोर घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, “पाजीन की. पर उद्या गावात ह्यावरनं मला कुणी धरलं, तर तू माझ्या अंगानं हुबी ऱ्हाशील का?”

मी शब्द दिला. पोर तिच्या दुधावर आहे. वैनींना शुद्ध आली तेव्हा त्यांनी ते पाहिले. मग आपली उशी सोनाबाईच्या पाठीशी द्यायला सांगितली.

ती दिवाळीला गावी येणार. त्याआधी हे अव्वाला तुम्ही सांगा. नाही जमणार म्हणालात, तर मी येऊन सांगेन. आम्हा तिघींना विसरू नका.

शांता

---

मु. गाव, ता. १३ सप्टेंबर

चि. शांतास, अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रानात वाचलं आणि बांधावरच बसलो. खोटं कशाला लिहू, आधी वाटलं, हे कुणाला कळू द्यायचं न्हाय. मग वाटलं, सोनाबाई दिवाळीला वेशीतनं आली, तर मी कुणीकडं बघायचं?

तसाच कल्लप्पाकडं गेलो. सांगितलं, वखारीचं मागचं दार दगडानं चिणून घेतोय, वेगळा वार-बिर काय न्हाय. तो म्हणाला, मग आमच्या बाया येणार न्हाईत. येतील का न्हाई, मला ठाऊक न्हाय. मन थाऱ्यावर न्हाय. बोर्डाला आजच लिहून टाकलं. वखार सारवायला मुक्ताबाईला सांगितलंय.

मग घरी आलो. अव्वाचा ताप उतरलाय, तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी बाजूला सारली. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दिवेलागणीला उठली, तोंड धुतलं, कपाळाला इभूत लावली, आणि उद्या मलाबी मोटारीत घे म्हणाली. मी भीत भीत विचारलं, दवाखान्याचं काय. तर म्हणाली, “नातीच्या पोटात गेलं ते गेलं. आता त्या बाईला ओट्यावरनं कुठल्या तोंडानं उठवायचं?”

हे पत्र पहाटेच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडं देतो, आम्ही मागच्या मोटारीनं उद्याच पोचतो. भेटीपर्यंत लेकीला सांभाळ.

तुझा अण्णा