खुर्ची दुकानातच राहील

मी, खाली सही करणारा, धंद्याने केस कापणारा, वयाने म्हातारा आणि स्वभावाने तिरसट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आणायला माणसे आली होती, ती चहा पिऊन परत गेली. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला लिहिण्याआधी त्यांनी माझ्याकडून मानेवरचे केस कमी करून घेतले, त्यामुळे माझा हात थरथरत नाही याची त्यांना वेगळी तपासणी करावी लागली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी माझ्या मरणावर विसंबून कुणी कार्यक्रम छापला नव्हता.

त्या कार्यक्रमाचे आधी सांगतो, म्हणजे पुढची कलमे समजतील. आमच्या शहरात एक इतिहास संग्रहालय आहे. ते आगामी प्रदर्शनांचे पत्रक काढते आणि ते आमच्या आरशाच्या कडेला खोचलेले असते, कारण वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचायला काहीतरी लागते. आजवर ‘आपले नळ, आपला वारसा’, ‘जुन्या बटणांचा पंधरवडा’ आणि ‘झाकणे: एक सिंहावलोकन’ असे कार्यक्रम झाले. झाकणे बघायला मी स्वतः गेलो होतो. वाईट नव्हती. या खेपेच्या पत्रकावर मात्र पहिल्याच पानावर आमच्या दुकानाचा फोटो आला आणि खाली मजकूर: ‘लुप्त झालेले व्यवसाय. प्रमुख आकर्षण: शहरातील अखेरच्या जुन्या केशकर्तनालयाची मूळ खुर्ची. उद्घाटन पुढील महिन्यात. प्रवेश सर्वांना खुला.’ मला हे वाचून दाखवणारा गृहस्थ त्या वेळी त्याच खुर्चीत बसून माझ्या धाकट्या मुलीकडून केस कापून घेत होता.

चौकशी केली तेव्हा कळले की संग्रहालयात कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी पाहुण्यांची तारीख घेतात, मग माहितीची पाटी लिहितात, मग फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखतात, आणि वस्तू सगळ्यात शेवटी आणतात. माझ्या खुर्चीचा चौकोन आखून झाला होता. दानपत्रही त्यांच्या हाती होते. त्यावर माझ्या थोरल्या मुलाची सही होती. तो विमा कचेरीत साहेब आहे आणि संग्रहालयाच्या मित्रमंडळाचा सभासद आहे. सहीखाली त्याने ‘वारस’ असे लिहिले होते. वारस व्हायला आधी कुणालातरी डोळे मिटावे लागतात, हे विमा कचेरीतल्या माणसाला ठाऊक असायला हवे.

नंतर संग्रहालयाच्या मुख्य ताई स्वतः दुकानात आल्या. धाकटीचे काम चालू होते. ताईंनी पांढरे हातमोजे चढवले आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “जरा उठता का? वस्तूवर भार येतोय.”

“अहो, माझे अर्धे केस राहिलेत,” तो म्हणाला.

“केसांचं नंतर बघू. चामडं फार जुनं आहे हो.”

मी मध्ये पडलो. “ताई, खुर्चीत बसायचं नाही तर तिचं करायचं काय?”

“जतन करायचं, काका. आमच्या नोंदीत ती आमच्याकडे जमा झालेली आहे. सध्या तुमच्याकडे तात्पुरती ठेवलीय, एवढंच.”

“आणि मी कुठे जमा आहे?”

“तुमच्यावर सहा ओळी आहेत ना,” ताई प्रेमाने म्हणाल्या. त्यांची तिथल्या तिथे बिनपाण्याने करावी असा मोह मला झाला. तेवढ्यात त्यांच्या माणसाने बैठकीखाली वाकून लाल रंगाने आकडा घातलाही होता.

आता कलमे.

कलम १. घर. राहते घर दोन्ही मुलांना समान. रागाच्या भरात घर वाटू नये, म्हणून हे कलम मी एक दिवस थांबून, पोटभर जेवून लिहिले. वरची खोली धाकटीची, कारण गच्चीवर टॉवेल तीच वाळत घालते.

कलम २. बँकेत जे काही निघेल तेही दोघांना निम्मे निम्मे. ऐकताना कुणी भिंतीला धरून उभे राहावे इतके ते नाही.

कलम ३. रेडिओ. हा माझ्या मेहुण्यांना द्यावा. तो आपलाच आहे असे ते बहिणीच्या लग्नापासून सांगत आले आहेत. बहीण म्हणजे माझी बायको, ती गेली, तरी रेडिओचा विषय गेला नाही. तो वाजत नाही हे त्यांना आधी सांगू नये. घरी नेऊन, जागा करून, बटण फिरवेपर्यंत त्यांना आनंद घेऊ द्यावा.

कलम ४. हत्यारे. सगळे वस्तरे, त्यांना धार लावायचा चामोटा, कैच्या, मशीन, फेसाचे ब्रश आणि दोन्ही आरसे धाकटीला. यातल्या डावखुऱ्या कैच्या मी तिच्यासाठीच बनवून घेतल्या होत्या, त्यामुळे त्या दुसऱ्या कुणाच्या हातात चालणारही नाहीत. ती कामाला होती तो कारखाना बंद पडल्यावर ती दुकानात उभी राहिली तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडले. बाईच्या हातात वस्तरा म्हटल्यावर काही जणांना अचानक दाढी राखावीशी वाटली. पहिल्यांदा तिच्यापुढे मान कुणी दिली असेल तर शेजारच्या औषधवाल्यांनी. लागलेच तर पट्टी आपल्याच दुकानात आहे, असे ते म्हणाले. पट्टी लागली नाही. आता मी मोकळा असलो तरी लोक तिच्यासाठी थांबतात, आणि मला त्याचे जेवढे वाईट वाटायला हवे तेवढे वाटत नाही. खरे म्हणजे फार बरे वाटते.

कलम ५. नाटकवाला. उद्घाटनाच्या दिवशी संग्रहालयात दाढी करण्याचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. ते धाकटीला का सांगितले नाही, असे मी ताईंना विचारले. “तिच्याकडे बघून लोकांना जुना काळ वाटणार नाही ना, काका,” त्या म्हणाल्या. म्हणून माझी भूमिका करायला नाटकमंडळीतला एक नट नेमला आहे. लुप्त झालेल्या केशकर्तनकाराचे काम नीट वठावे म्हणून तो केस कापून घ्यायला आमच्याच दुकानात आला. धाकटीने कापले, चांगले कापले. मुलगा सभ्य होता. “काका, तुम्ही उभे कसे राहता?” त्याने विचारले. “पाय दुखतात तसा,” मी म्हणालो. त्याला माझा निळा डगला द्यावा. निदान कपडा तरी खरा असू दे.

कलम ६. खुर्ची. ही खुर्ची मी हयात असताना माझी आहे आणि माझ्यानंतर धाकटीची. थोरल्याने केलेले दानपत्र मला मान्य नाही, ते करण्याचा त्याला अधिकार नव्हता. धाकटीच्या डाव्या हाताला सोयीचे जावे म्हणून मी स्वतः बोल्ट उखडून खुर्ची खिडकीकडे सरकवून बसवली आहे. संग्रहालयाला ती ‘मूळ जागी’ होती तशी मांडायची आहे, म्हणजे जिथे उजव्या हाताने मी एकटाच काम करू शकेन अशी. ती खुर्ची गेली की धाकटीचे हातपाय गेले. दुसरी तशी आता मिळत नाही, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर मान मागे टाकून कुणी गळ्याला वस्तरा लावू देत नाही. बैठकीखालचा लाल आकडा तसाच राहू द्यावा. तिथे बघायला कुणी वाकत नाही.

कलम ७. थोरला. त्याच्याशी झालेले बोलणे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी त्याला साखर लावणार नाही. “बाबा, तुमचं नाव राहील. काचेत राहील, लाईट लावून,” तो म्हणाला.

“आणि तुझी बहीण कुठे राहील?”

“तिचं मी बघेन हो. ती किती दिवस लोकांच्या दाढ्या करणार?”

धाकटी मागे पाणी तापवत होती. तिला सगळे ऐकू गेले. ती टॉवेल पिळत राहिली, त्यात पाणी उरले नव्हते तरी. थोरला वाईट नाही. दुखण्यात त्यानेच मला उचलून दवाखान्यात नेले. पण बापाचा धंदा त्याला नेहमीच लांबून आवडत आला आहे.

कलम ८. संग्रहालयाला मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. दुकानावरची पाटी त्यांना द्यावी, आणि त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. थोरला जन्मला त्या आठवड्यात मी ती हौसेने रंगवून घेतली होती: ‘केशकर्तनालय, वडील आणि चिरंजीव’. चिरंजीवांनी आजवर एकही केस कापलेला नाही. लुप्त झालेल्या व्यवसायांत याहून अस्सल वस्तू त्यांना मिळणार नाही. देणगीदार म्हणून थोरल्याचेच नाव लावावे, मोठ्या अक्षरांत. नव्या पाटीवर काय लिहायचे ते धाकटीने ठरवावे. मी विचारले तर म्हणाली, “आधी नळ दुरुस्त करू या, बाबा.”

कलम ९. हे सगळे तडीस नेण्याची जबाबदारी औषधवाल्यांवर. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले आहे.

इथवर लिहून झाले तेव्हा संग्रहालयाचा टेम्पो दुकानापुढे येऊन उभा राहिला. ड्रायव्हर आणि दोन हमाल पाने-पक्कड घेऊन आत आले. मी उठायच्या आत धाकटी पुढे झाली. मला वाटले ती भांडेल. तिने हातातले केस झटकले आणि म्हणाली, “न्या ना. खुर्ची रिकामी झाली की न्या. तोवर बसा बाकावर.”

ते बसले. बाकावर आधीच माणसे होती. एक उठला की दुसरा बसत होता, आणि दारातून तिसरा आत येत होता. हमालांनी पत्रक वाचले, उलट बाजूने वाचले, आरशात स्वतःकडे पाहिले. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने मानेवरून हात फिरवला आणि हळूच विचारले, “ताई, माझाही नंबर धरता का?”

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि त्यातले एक अक्षरही खोडावेसे वाटले नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

सही: दुकानाचा मालक, धाकटीचा बाप

साक्षीदार पहिला: शेजारचे औषधवाले

साक्षीदार दुसरा: संग्रहालयाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. सही जरा वाकडी आली आहे, कारण तो खुर्चीत आहे आणि धाकटीने त्याला हलू नका म्हणून सांगितले आहे.

ठिकाण: दुकान

दिनांक: आजचा, कामाचा दिवस. बाकावर अजून माणसे आहेत.