नळीतलं मातीचं घर

२२ सप्टेंबर २०२४

परत गळलं! पावसाळाभर लिंबाखाली उभा असलेला ट्रक आज सकाळी पुन्हा सुरू केला, वेशीपर्यंत नेऊन आणला, आणि उभा केला त्या जागी ताटाएवढा काळा डाग. इंजिनाचं ऑइल. परवा पहिल्यांदा सुरू केला तेव्हाही गळलं, म्हणून सगळे बोल्ट आवळले होते — वाया!

बालाजी (नवऱ्याचं नाव इथे लिहिते, तोंडाने अजून घेत नाही) डागाकडे बघत उकिडवे बसले ते उठेचनात. मग म्हणाले, "सोयाबीन निघायलंय. ह्या हंगामात गाडी चालली तर ठीक. न्हाई तर दसरा झाला की भंगारात घालतो अन् पुण्याला जातो. कुणाची तरी गाडी चालवीन."

पुणे म्हणजे दिवाळीपुरतं घरी येणं. मागे मी, माझं शिलाई मशीन आणि आत्याबाई — माझ्या सासूबाई, पार्वतीबाई. मला नको आहे ते. निदान इथे तरी स्पष्ट लिहिते — नको आहे!

२४ सप्टेंबर

ताडकळसहून बन्सीधर मिस्त्री आले. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. जुनं हातात घेताच पापडासारखं मोडलं. "हेच असंल बघा," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

नंतर मी पाइप घेऊन गाडी धुवायला लागले तर आत्याबाई केवढ्यांदा ओरडल्या! "त्या अंगानं पाणी मारू नको गं! तिकडं मी पुसून घेते." स्वतःच्या पोरापेक्षा ट्रकचेच लाड जास्त करतात.

२५ सप्टेंबर

गळतंय. आता दोन ठिकाणांहून!

२८ सप्टेंबर

बन्सीधर येतात काय आणि मलाच विचारतात काय — "वैनी, तोंडाला लावायची पावडर हाय का घरात?" मला वाटलं चेष्टा करायलेत. पण नाही. इंजिन डिझेलने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि माझा डबा अख्खा त्यावर उधळला. पांढरंशुभ्र इंजिन! म्हणजे ऑइल कुठून येतं ते पावडरीवर उमटतं. केवढी सोपी युक्ती!

गाडी सुरू केली. आम्ही तिघे वाकून बघत होतो. आधी वरच्या झाकणाखाली एक बारीक काळी रेघ उतरली. मग मागून एक. मग पुढून. जिथे जिथे दोन भाग जोडले आहेत तिथून तिथून ऑइल यायला लागलं. एवढं जाड लोखंड, आणि त्याला सगळ्या अंगाने घाम फुटलेला. मला भीती वाटली, पण नजर हटेना.

"असं म्या कवा बघितलं न्हाई," बन्सीधर म्हणाले. मिस्त्रीनेच असं म्हटल्यावर आमच्या घरात कोण जेवणार?

२ ऑक्टोबर

गिअरबॉक्स खाली उतरवला. ऑइल अडवणारं मागचं सील बदललं. त्या निमित्ताने इंजिनाच्या आतला मुख्य दांडा टोकाशी जरासा दिसला. बन्सीधरांनी पहारीने इंजिन फिरवलं तसा तो सावकाश वळला — ऑइलने न्हालेला, आरशासारखा गुळगुळीत. हा ट्रक माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. तेव्हापासून हा दांडा अंधारात फिरतोय आणि अंगावर ओरखडा नाही! माझ्या मशीनच्या सुया महिन्यात बोथट होतात. मी नकळत हात जोडले. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

संध्याकाळी गाडी सुरू केली. गळतंय.

यांनी माळ्यावरून बॅग काढली.

५ ऑक्टोबर

सापडलं!! आणि काय सापडलं!

मी नुसता मोबाइलचा उजेड धरून उभी होते. इंजिन चालू होतं. ऑइल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून बोटभर वर आलेली दिसली. दाबून बसवली. परत वर! म्हटलं, "अहो, ही पट्टी आपोआप वर यायलीय." बन्सीधर एकदम थांबले. ऑइल भरायचं झाकण फिरवलं तर — फुस्स! गरम वाफ थेट तोंडावर.

"दम कोंडायलाय हिचा! आतली हवा बाहीर जायलीच न्हाई, मग ऑइलला ढकलायलीय!"

इंजिनातली हवा बाहेर सोडायला एक नळी असते, खाली लोंबणारी. तिच्याकडे कुणी बघतच नाही. हे गाडीखाली शिरले. आतून आवाज आला, "हितं माती हाय." तारेने कोरून कोरून काढली. बोटाएवढा मातीचा गोळा — कुंभारीण माशीचं घर! आत ओळीने खोल्या. दोन रिकाम्या, भोक पाडून कुणी उडून गेलेलं. तिसरी बंद.

एवढीशी माशी. तोंडात चिखलाची गोळी धरून किती वेळा आली-गेली असेल! आणि तिने एवढ्या मोठ्या इंजिनाचा गळा आवळला. मी ओट्यावर बसूनच राहिले. आत्याबाईंनी तो गोळा माझ्या हातातून अलगद घेतला आणि आत गेल्या.

६ ऑक्टोबर

काल जाताना बन्सीधर हसत म्हणाले होते, "कुंभारणीनं घर केलं की त्या घरी पाळणा हलतो म्हणतेत, वैनी. मोडायचं नसतंय ते." हे हात धुवायला गेले.

आज भाकरी थापताना एकदम आठवलं — "त्या अंगानं पाणी मारू नको गं!" म्हणजे आत्याबाईंना माहीत होतं! जपत होत्या ते घर. नातवासाठी.

परभणीच्या दवाखान्याच्या फेऱ्या गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवून थांबवल्या. आपण दोघं आहोत, पुरे. आत्याबाईंनाही सांगितलं होतं. मान हलवली होती त्यांनी. आणि मनात अजून हे! मला इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली. मग रडले. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

९ ऑक्टोबर

हे सोयाबीन भरून पूर्णेला जाऊन आले. गाडीखाली जुना पेपर अंथरून ठेवला होता. उचलून उजेडात धरला — कोरडा! एक थेंब नाही! हे पेपर उलटा-सुलटा करून बघत होते. बॅग परत माळ्यावर गेली. मीच चढवली.

आत्याबाईंशी अजून कामापुरतंच.

१२ ऑक्टोबर, दसरा

ट्रकला हार घातला, पूजा झाली. शेवटी विचारलंच, "आत्याबाई, ते घर कशाला जपलं? मला लेकरू होणार न्हाई, सांगितलंय ना तुमाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्यापायी कशाला गं? तिची लेकरं व्हती आत. त्यानं गाडी गळायलीय हे मला काय ठाऊक! दोन उडाली, एक ऱ्हायलं व्हतं. ते उडालं की माती काढा म्हणून सांगणारच व्हते."

कोनाड्यात वाटीत तो मातीचा गोळा ठेवलाय त्यांनी. आत्ता जाऊन बघितला. तिसऱ्या खोलीला भोक पडलंय.