निळी रेघ

२ मे
आलो एकदाचा! खोली उजेडाची, पलंग खिडकीशी, गादीही बरी. पाठ दुखते म्हणून वर्षभर तेल चोळत बसलो आणि तपासणीत निघाला मणक्याचा टीबी. पू नसेवर दाबत होता, म्हणून कमरेखाली बधीर. ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत. आता इथे चालायला शिकायचं. शाळा उघडली की लेकीला, चिमणीला, फाटकापर्यंत चालत सोडेन, असं मी कबूल केलंय. शेजारच्या पलंगावर चित्रकलेचे मास्तर, दुखणं माझंच. बोलायला लागले की आवरत नाहीत.

५ मे
व्यायामाच्या ताई डोळे मिटायला लावतात आणि पायापासून वर कापूस टेकवत येतात. कळलं की ‘हो’ म्हणायचं. जिथून कळतं तिथे निळ्या पेनाने रेघ. रेघ खाली उतरली की घरी. जन्मभर शिंपीकाम केलं, कापडावर खुणा केल्या. आता माझ्यावरच होताहेत! रेघ बेंबीपाशी ठाण मांडून आहे.

९ मे
मास्तरांनी युक्ती सांगितली. कापूस टेकवायला ताई वाकल्या की त्यांचं स्टूल करकरतं. तेव्हा ‘हो’ म्हणायचं. आज म्हटलं. रेघ मांडीवर आली! बायको फोनवर आनंदाने रडली. लबाडीच आहे, पण हुरूप किती येतो.

१४ मे
मास्तर चालत घरी गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. दाराची चौकट त्यांनी गच्च धरली होती आणि पाय त्यांना ओढून नेत होते. माझ्याजवळून जाताना पुटपुटले, की जिथे खोटं ‘हो’ म्हणशील, तिथे दुसरंच कोणी राहायला येतं.

१७ मे
रेघ घोट्यावर. बधिरपणा मात्र छातीपर्यंत चढलाय. पाय आपोआप हलतात. ताई म्हणतात, या आजारात झटके येतातच. पण झटका असा असतो? दुपारी माझ्या पायांनी पलंगाखालच्या चपला शोधल्या. घातल्या.

१९ मे
ताईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासलं. मी ‘नाही, नाही’ म्हणत होतो आणि दर वेळी अंगठा बरोबर हलत होता. ताई हसून म्हणाल्या, उगाच घाबरता, शरीर खोटं बोलत नाही. उद्या घरी पाठवणार.

सकाळी, २०
उभा राहिलो. मी नाही — ते. डावा हातही गेला. बायकोला फोन लावला, त्या हाताने कापला —
बोटं कळत नाहीत. पेन तरी चालतंय. मी चालवत नाहीये —
चिमणीला माझ्याजवळ येऊ दे —
देऊ नको, देऊ न —

२० मे
छान वाटतंय. पूर्ण बरा आहे. चिमणीला तयार ठेव. फाटकापर्यंतच कशाला, मी तिला पुढे, खूप पुढे घेऊन —