धुरावरच्या कोंबडीचा कोरडा मसाला

आत्याबाई, तुम्ही गेलात तेव्हा माझी ही सून, जी आत्ता हे लिहून राहिली आहे, जन्मलीसुद्धा नव्हती. तिनं तुम्हाला फक्त दुकानातल्या फोटोत पाहिलंय. अक्षर मला तुमच्या वेळी येत नव्हतं, अजूनही येत नाही. मी बोलते आणि ती लिहिते. लिहिताना ती माझं बोलणं जरा नीट करते, हे मला ठाऊक आहे. मी ‘लई’ म्हटलं की ती ‘फार’ लिहिते. राहू दे. तुम्ही तिला बघितलं असतं तर म्हणाला असता, ही देगलूरकडची पोरगी, काडीसारखी, हिला मुसळ तरी उचलतं का. हे मात्र तिनं जसंच्या तसं लिहिलंय, तोंड वाकडं करून.

आज दुपारी ती पेन घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘‘आई, धुरावरच्या कोंबडीचा मसाला एकदा लिहून घेऊ. तुमच्यानंतर...’’ आणि जीभ चावली. मी म्हटलं, ‘‘माझ्यानंतर काय? बोल की. मी अजून समोर बसलेय.’’ ती म्हणाली, ‘‘तसं न्हाई, मी चुकले तर कुणाला विचारू?’’ मी म्हटलं, ‘‘मसाला मागून. आधी माझ्या सासूला चार ओळी लिही.’’ ती बघतच राहिली. ‘‘पाठवायचं कुठं?’’ ‘‘ते तुला काय करायचंय? पोस्टात तुझा भाऊ आहे का?’’ मग ती लिहायला लागली. मला एका गोष्टीचं भ्या वाटून राहिलंय, आत्याबाई, आणि जित्या माणसाला सांगायला तोंड उघडत नाही. उशीरही करून चालणार नाही. नांदेड रोडचा धाबेवाला आज संध्याकाळी मसाला न्यायला येणार आहे आणि मसाला मागच्या खोलीत पांढऱ्या धोतरावर पसरलेला आहे. हा धाबेवाला पत्र्याच्या पिंपात बाभळीचे निखारे ठेवतो, कोंबड्या वर टांगतो आणि त्यांच्या अंगाला आपलाच मसाला चोळतो. हळदीची आणि तिखटाची पाकिटं आता उदगिरात कुठंही मिळतात. आपल्या दुकानाला अजून कुणी ओळखत असेल तर ते ह्या एका मसाल्यामुळं.

गळ्यात लिंग असलेल्या आपल्या घरात कोंबडीचा मसाला कसा शिरला ते हिला माहीत नाही, म्हणून तुमच्या निमित्तानं तिलाही सांगते. मी लग्न होऊन आले त्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजारोबाजार धुरावरची कोंबडी विकणारा एक गाडीवान दुकानापुढं उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘अम्मा, गिला मसाला धुएँ में टिकता नै. सूखा बनाके देव.’’ मामंजी गादीवरून ओरडले, ह्या दुकानात कोंबडीचं नाव निघायचं न्हाई. तुम्ही दाराआडून सांगितलंत, ‘‘धने आपले, मिरच्या आपल्या. कोंबडी त्याची हाय. तिचं पाप त्याच्या गाडीत जाईल, आपल्या पोत्यात कशाला येतंय?’’ मामंजी गप्प बसले. तुमच्यापुढं ते नेहमीच गप्प बसायचे, हे सांगायला नको. पण आपण खाणारे नव्हतो. चाखायची सोय नाही. मग राहिलं ते नाक. त्या गाडीवानाला तुम्ही चार बाजारांना चार तऱ्हेचे मसाले दिलेत, तो येऊन सांगायचा, तुम्ही पुढच्या खेपेला काही वाढवायच्या, काही कमी करायच्या. कांदा नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही. थोडं खोबरं तेवढं, धुरात कोंबडी कोरडी पडू नये म्हणून.

मला शिकवलंत ते अजून अंगावर आहे. माझाच पदर माझ्या डोळ्यांवर बांधून तुम्ही मला कढईपुढं बसवायच्या. ‘‘बघू नको. बघितलं की माणूस रंगाला फसतंय. वास फिरला की उतरव.’’ मी धने लवकर उतरवले की म्हणायच्या, ‘‘हे पेरायला न्यायचेत का?’’ उशिरा उतरवले की, ‘‘कोळसा झाला, आता दात घासायला ठेव.’’ एकदा तुमची पाठ वळलेली बघून मी मसाल्यात बोट घालून जिभेला लावलं. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. उलथणं सरळ मनगटावर बसलं. ‘‘जिभेला तिखट कळतं, खारट कळतं. खोबरं खवट झालंय हे नाक सांगतं. जीभ नुसती मान हलवती.’’ मग एके वर्षी दसऱ्याच्या आधी, काही कारण नसताना, तेच उलथणं तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि बाहेर जाऊन बाजेवर बसलात. परत कढईजवळ आला नाहीत. मी गल्लीभर सांगत फिरले, सासूनं मला राज्य दिलं म्हणून. आता रात्रंदिवस मला एकच शंका येते. आत्याबाई, तुमचं नाक गेलं होतं का? म्हणून दिलंत का? तसं असेल तर तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत, आणि मला ते जमून नाही राहिलं.

गेल्या थंडीत मला ताप आला. ताप गेला, आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. पण मला ते समजलंच नाही. मी उदबत्तीवाल्याशी भांडले, म्हटलं भुसा विकतोस का. हिनं मोगरा आणला, मी म्हटलं हल्ली मोगरापण हायब्रिड निघाला. हिच्या पिठल्याला वास नाही, साबणाला वास नाही, कापराला वास नाही. ही म्हणाली, ‘‘आई, तुम्ही आजारी काय पडलात, सगळ्या उदगिरात भेसळ झाली.’’ मिरच्या भाजल्या की मात्र मला ठसका लागायचा, सगळ्यांना लागतो तसाच, डोळ्यांतून पाणी. त्यामुळं मी धरून चालले की नाक शाबूत आहे. ठसका घशाला लागतो, त्याला नाकाचं काही देणंघेणं नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं.

मग परवाचा दिवस. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन खालची ज्योत विझली असावी. मी तिथंच पाटावर बसून धने निवडत होते. ही दुकानातून आत आली. आधी बटण फिरवलं, मग दोन्ही खिडक्या उघडल्या, मग माझ्या काखेत हात घालून मला अंगणात आणून उभं केलं. ‘‘आई, एवढा वास कोंडलाय, तुम्हाला आला न्हाई?’’ मी म्हटलं, पडसं झालंय. तिनं काढा करून दिला, मिऱ्यांचा नुसता जाळ, आणि तो मी मुकाट्यानं प्याले. पण त्या दिवसापासून मी गॅसचं बटण धरलं नाही. गुडघे दुखतात म्हणते आणि तिलाच पेटवायला लावते. ती बाहेर गेली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून देवणीच्या वळूसारखं नाक फेंदारून हुंगते. समोर काहीच नसतं. चांगली हवा आहे की मरण आहे, मला दोन्ही सारखंच. आणि हे घरात कळलं तर मला कढईपुढून उठवतील, बाजेवर बसवतील, पाण्याचा तांब्या हातात देतील. मी कुणाला सांगितलं नाही.

आजचा मसाला मी तसाच केला. मिरच्या रंगावर उतरवल्या, जिरे तडतडण्यावर, धने चिमटीत चुरून. खोबरं डब्याच्या तळाचं होतं, पावसाळाभर पडून राहिलेलं. ते मी नाकाशी धरलं, जिभेवर ठेवलं, परत नाकाशी धरलं. कागद हुंगल्यासारखं. किसलं, भाजलं, सगळ्यात मिसळलं. ते खवट होतं की नव्हतं, मला माहीत नाही.

इथं हिनं पेन खाली ठेवलं.

आता पुन्हा बसलोय, दिवेलागण झाली आहे. मधलं सांगते. ही उठली ती आधी स्वयंपाकघरात गेली. सिलेंडरचं बटण बंद केल्याचा आवाज मी ऐकला. मग मागच्या खोलीतून मूठभर मसाला घेऊन आली. मला वाटलं, आता म्हणेल आई, तुम्ही आराम करा. ती म्हणाली नाही. मुठीला नाक लावून उभी राहिली.

‘‘कसा हाय?’’

‘‘मसाल्यासारखा.’’

‘‘अगं, म्हैस म्हशीसारखी हाय, हे काय सांगणं झालं?’’

‘‘मला काय कळतंय आई? तुम्ही कधी कढईजवळ येऊ दिलंत का?’’

खरं होतं. तिला म्हटलं, ‘‘मिरची सोड. धने सोड. त्यांच्या मागं काय लपलंय ते बघ.’’ तिनं डोळे मिटले. मूठ परत हुंगली. मग म्हणाली, ‘‘काहीतरी जुनं हाय.’’

‘‘जुनं म्हणजे? बंद पेटीसारखं? की न धुतलेल्या उशीसारखं?’’

‘‘उशीसारखं. डोक्याला तेल चोपडून झोपलेल्या माणसाच्या.’’

डब्यात उरलेला तुकडा तिनं आणला, मोडला, हुंगला. ‘‘हेच,’’ म्हणाली. खवट. मी तिला सांगितलं, धोतराची चारी टोकं धर आणि सगळं उकिरड्यावर घाल. तिनं टोकं धरली, पण उचलली नाहीत. ‘‘निम्मं ताजं मिसळलं तर?’’ म्हटलं, ‘‘बाई, निखाऱ्याची धग लागली की खवटपणा लपत न्हाई, वर येतो. पहिल्या घासाला गिऱ्हाईक थुंकंल.’’

मग जे झालं ते तुम्हाला बघवलं नसतं. कढईपुढं ती आणि बाजूला पाटावर मी, नुसतं तोंड घेऊन बसलेली. मी विचारायची, ती हुंगून सांगायची. धन्यांना म्हणाली, संत्र्याच्या सालीसारखे येतात. मी म्हटलं, कच्चे हायत, हलवत राहा. थोड्या वेळानं म्हणाली, आता बेकरीपुढून गेल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, उतरव. खोबरं दुकानातल्या नव्या गोणीतलं फोडलं, दुधासारखं गोड येतंय म्हणाली, तेव्हा मी श्वास सोडला. घाई एवढी की एकदा तिनं उलथणं माझ्याच पायावर टेकवलं, तापलेलं. मी ओरडले, ती म्हणाली, ‘‘बरं झालं, एवढं तरी कळतंय.’’ पोरीला जीभ आहे. कांडायचं कसं तेही मी तिला सांगत राहिले, पीठ करू नको, रव्यासारखं ठेव, बारीक झालं तर कोंबडीच्या अंगावर काळा पापुद्रा धरून जळंल. सगळ्यात शेवटी दगडफूल टाकलं. ते दोन हेलकाव्यांत होतं, नाहीतर कडू पडतं. मी विचारलं, ‘‘कसं येतंय?’’ ती म्हणाली, ‘‘जुन्या भिंतीवर पाणी मारल्यासारखं.’’ मी म्हटलं, ‘‘बरोबर. उतरव.’’

कांडलेला मसाला अजून कोमट होता तेव्हाच धाबेवाला आला. नेहमीसारखं पिशवीचं तोंड उघडून त्यानं आत नाक घातलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. पूर्वी मी कधी बघितलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. ‘‘मावशी, आज हात जरा वेगळा वाटून राहिलाय,’’ म्हणाला. हिनं विचारलं, ‘‘चांगला का वाईट?’’ ‘‘ते धूर सांगंल,’’ म्हणाला आणि फटफटीला किक मारून गेला. एव्हाना त्याच्या कोंबड्या टांगून झाल्या असतील.

ही म्हणते, उद्या लातूरला नाकाच्या डॉक्टरला दाखवू. मी हो म्हटलं. तिला वाटतंय मी डॉक्टरला भिऊन गप्प झालेय. आत्याबाई, हा कागद ती घडी करून कपाटात ठेवील, त्याला पत्ता नाही, म्हणून जे राहिलं ते सांगून टाकते. दगडफुलाला मी बरोबर म्हणाले, ते मला आठवत नव्हतं. तिनं भिंत म्हटलं, पाणी म्हटलं, आणि मी आत शोधत राहिले. दगडफूल कसं दिसतं ते आहे, हाताला कसं लागतं ते आहे, आणि वासाच्या जागी काहीच नाही. नाक गेलं हे मला कळलं होतं. आठवणीतलेसुद्धा वास निघून चाललेत, हे मला आज कळलं. मी अंदाजानंच उतरव म्हटलं. बाकीचे किती दिवस राहतील कोण जाणे, म्हणून ह्या पोरीला मी आता घाईनं सगळं सांगणार आहे. हे ऐकून ती थांबली आहे आणि माझ्याकडं बघते आहे. मी म्हटलं, बघू नको, लिही. मला भ्या वाटतंय, असं लिही.