कोरडे तांदूळ

कोल्हार, मंगळवार

प्रिय निकिता,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हैस व्यायली, पारडी झाली. फोन केला असता, पण फोनवर तू “आई, थांब, आधी माझं ऐक” म्हणतेस आणि मग मी ऐकतच बसते. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस आणि चुका काढत बसू नकोस.

आधी गावची बातमी. आपल्या सामाईक मोटरीची केबल नदीवरून कुणीतरी कापून नेली, ते तुला माहीत आहे. चोर कोण ते आता ठरलंय. मच्छिंद्र. हो, आपल्या बांधाशेजारचाच. गाय वाटेत अडली तर तिलाही “सरक गं बाई जरा” म्हणून विनवणारा. रविवारी मोटरीवाले सगळे देवीच्या मंडपात बसणार आणि त्याची पाण्याची पाळी तोडणार. त्याचा गहू आत्ता ओंबीत आहे, आत्ता पाणी तुटलं की गेला. आणि गहू पुढच्या वर्षी परत येईल, नावाला चिकटलेला चोर परत जात नाही. यात तुझा काय संबंध म्हणशील. संबंध असा की हे सगळं तुझ्या शिक्षणाच्या नावावर झालंय.

तू सायकॉलॉजीला गेलीस तेव्हापासून गावाने तुझं काय काय करून ठेवलंय ते तुला धड माहीतच नाही. तू घरी आलीस की बायका पदर सारखा करून जमिनीकडे बघत बोलतात ना, ते लाजून नव्हे. डोळ्यांत बघितलं की तू आतलं वाचतेस म्हणे. गोजरबाईने तर मला वाटेत अडवून विचारलं, “तुमची निकी नजरबंदी करती का गं? माझ्या सुनंला जरा करून दे म्हनावं, सकाळची लवकर उठाया लागंल.” मी म्हणाले, “आधी तुमच्यावर करायला सांगते, दुपारी झोपाल तरी.” तुझे भागवत चुलते तर तुला वेड्यांची डॉक्टर समजत होते. तू त्यांना बसवून सांगितलंस की मी डॉक्टर नाही, गोळ्या देणारे वेगळे असतात, आमचं शिक्षण वेगळं. त्यावर ते म्हणाले, “मंग पाच वर्सं करती काय तू तितं?”

दिवाळीत सगळे फराळाला बसले होते तेव्हा तुझ्या पप्पांनी विचारलं, हे शास्त्र निघालं तरी कुठून. तू किती हौसेने सांगायला लागलीस. जर्मनीत दीडशे वर्षांपूर्वी एका मास्तराने खोली घेतली, माणूस बसवला, आवाज झाला की बटण दाबायचं आणि मधे किती वेळ गेला ते यंत्रावर मोजायचं. मला ते आवडलं. मन वाचणं नाही, नजरबंदी नाही, नुसती मोजणी. भागवत भाऊजी तिथेच जांभया द्यायला लागले. मग तू सांगितलंस की त्याही आधी काही लोक डोक्यावरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगायचे आणि ते सगळं खोटं निघालं, तर भाऊजींनी लगेच टोपी काढून डोकं पुढे केलं. खोटं निघालं हे त्यांच्या कानात शिरलंच नाही. आणि मग तू तांदळाचं सांगितलंस. जुन्या काळी आपल्याकडे चोर धरायला संशय असेल त्यांना तांदूळ चावायला देत. भ्यायलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, मग त्याचे तांदूळ ओले होत नाहीत. पुढचंही तू सांगितलंस, मी ऐकलंय, की भ्यायलेला प्रत्येक माणूस चोर नसतो, म्हणून आता असल्या गोष्टीला कुणी पुरावा धरत नाही. पण तोवर भाऊजी हात धुवायला उठले होते.

त्या हात धुण्याने घोटाळा केला. केबल गेल्यावर त्यांनी मंडपात उभं राहून सांगितलं, “आपल्या निकीच्या कॉलेजात शिकवत्यात ह्ये. देवऋषाचं काम न्हाई, सायन्स हाय.” देवऋषी बोलावला असता तर पोरांनी टिंगल केली असती, मोबाईलवर शूटिंग केलं असतं. सायन्स म्हटल्यावर तीच पोरं पत्रावळी मांडायला पुढे. देवीपुढे ठेवलेले तांदूळ आणले, कारण सायन्सला पण देवी लागतेच भाऊजींच्या. एकेका पुरुषाला चिमूट चिमूट दिले, चावायला लावले आणि पत्रावळीवर थुंकायला लावलं. बायका बाजूला उभ्या. केबल कापणं बायकांचं काम नाही असं धरलेलं, म्हणून आम्हाला कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या तांदळाचा लगदा झाला. मच्छिंद्रचे तांदूळ तोंडात गेले तसेच बाहेर आले, पांढरे आणि सुटे. त्याने परत तोंड हलवलं, परत थुंकला. तेच. भाऊजी म्हणाले, “मी काय करू बाबा, सायन्स हाय.”

त्यानंतर तू त्यांना फोनवर काय काय बोललीस ते शेजारपाजारपर्यंत ऐकू गेलं. चोरी न केलेल्याचंही भीतीने तोंड कोरडं पडतं, त्याने काही सिद्ध होत नाही, असं तू ओरडून ओरडून सांगत होतीस. तू फोन ठेवल्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, “मंग भीती कशाची वाटली त्याला? बाकीच्यांना का न्हाई वाटली?” आणि बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा मला कळलं, समजावून सांगून हे सुटायचं नाही.

मी मच्छिंद्रकडे गेले. तो गोठ्यात कडबा तोडत होता, तोडलेला परत तोडत होता. मी म्हणाले, “भाऊ, बस झालं आता. तोंड का कोरडं पडलं ते सांगून टाका.” त्याने आधी घराच्या दाराकडे बघितलं, बायको ऐकत नाही ना म्हणून. मग म्हणाला, “वैनी, चोर म्हनत्यात ते बरंय. चोराच्या घरातली पोरगी करून नेत्यात लोकं, येड्याच्या घरातली न्हाई नेत. माजी सृष्टी हाय.” सृष्टी त्याची दहावीला आहे. त्या लेकरासाठी त्याने आत्तापासून चोर व्हायचं ठरवलंय. वर मला गळ घातली, वहिनी, तुम्ही कुणाला बोलायचं नाही. मी बोलणार नाही. तुलाही सांगते ते तू तिथेच गाडून टाक. तो मनाच्या गोळ्या खातो. दोन वर्षांपूर्वी तो खळ्यात नुसता बसून राहायचा, हाक मारली तरी मान वळवायचा नाही, ते तुला आठवत असेल. त्या गोळ्यांनी माणूस उठला, कामाला लागला. पण त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. दिवसभर चूळ भरली तरी जात नाही.

हे मला कसं माहीत, हा तुझा पुढचा प्रश्न. मागल्या उन्हाळ्यात नगरला त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर आम्ही शेजारी शेजारी सापडलो. जवळपासच्या दवाखान्यात गेलं की अर्धं गाव भेटतं, म्हणून तो पण नगरला आणि मी पण नगरला. दोघांची तोंडं बघायसारखी झाली असतील. मी म्हणाले, “पुतण्याला दाखवायला आले.” तो म्हणाला, “मी मेव्हन्याला घिऊन आलो.” ना पुतण्या होता, ना मेहुणा. माझं नाव पुकारलं तशी मी उठून आत गेले. येताना एकाच एसटीत होतो, तो मागच्या सीटवर, मी पुढच्या. राहुरीला त्याने खाली उतरून पाण्याची बाटली आणली, मागून पुढे केली आणि म्हणाला, “लई कोरड पडती, वैनी.” मी घेतली.

तर असं आहे. घरात मी थायरॉईड सांगितलाय, कारण थायरॉईडला कुणी पुढे काही विचारत नाही. तुला दात सांगितले. नगरला आले की तुझ्याकडे सावेडीला डबा ठेवून दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणायची, ते हे. काय होतं विचारशील तर मला तुझ्यासारखे शब्द नाहीत. परातीपुढे बसायचे आणि भाकरी थापायची कशी तेच सुचायचं नाही. पीठ मळलेलं, तवा तापलेला, हात मांडीवर. रडू नाही, दुखणं नाही, कुणी छळलेलं नाही. नुसतं थांबल्यासारखं. गोळ्यांनी ते गेलं. तू मनाचं शिकतेस आणि घरातलं तुला दिसलं नाही, असं मनाला लावून घेऊ नकोस. मनातलं ओळखता येत नाही, हे तूच गावभर सांगत फिरतेस. मी लपवलं होतं आणि चांगलं लपवलं होतं.

रविवारी मी मंडपात जाणार आहे. भाऊजींना म्हणणार, मला पण द्या चिमूटभर. माझे तांदूळ कोरडेच निघतील, मी घरी करून बघितलंय. मग सांगणार की मी नदीवर गेले नव्हते, मी गोळ्या खाते आणि त्या कशाच्या आहेत ते. थायरॉईडच्या म्हणून वेळ मारून नेली असती, पण निम्म्या बायका त्या गोळ्या खातात आणि त्यांना कुणाला कोरड पडत नाही, लगेच पकडले गेले असते. मच्छिंद्रचं नाव माझ्या तोंडातून निघणार नाही. लोकांना काय समजायचं ते समजू दे. कोरडं तोंड म्हणजे चोर, एवढं मोडलं की माझं काम झालं. तुझ्या पप्पांना आज जेवताना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “म्हंजे थायरॉईड न्हाईच?” मग बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले. मग म्हणाले, “रविवारी मी येतो तुझ्यासंगं.” तेवढं पुरे.

आता पत्र लिहायचं कारण. पार्थच्या घरचे पुढच्या गुरुवारी तुला बघायला येणार. तो तुला आवडलाय, हे मला कळतं. फोनवर कांद्याचा भाव सांगताना पण तू त्याचं नाव मधे आणतेस. त्याच्या आईने भाऊजींना आधीच विचारलेलं, “मुलगी हे असलं का शिकते? घरात कुणी तसं आहे का?” आणि भाऊजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्या खानदानात कुणी नाही. रविवारी मी बोलले की सोमवारी ते पार्थच्या घरी पोचेल, स्थळ भाऊजींनीच आणलंय. त्यानंतर ते लोक येतील की नाही, मला सांगता येत नाही. मी तुझी परवानगी मागत नाही. मागितली असती तर तू हो म्हणाली असतीस, शिकलेली आहेस, दुसरं काही म्हणता आलं नसतं. आणि उद्या लग्न मोडलं तर तो होकार जन्मभर तुझ्या गळ्यात राहिला असता. तो मला तिथे नकोय. हे मी ठरवलं, राग माझ्यावर काढ. फक्त पार्थला हे गावाकडून कळू देऊ नकोस. पत्र शुक्रवारपर्यंत मिळेल, रविवारच्या आत तू त्याला गाठून सांग. आणि सांगताना “आईची तब्येत जरा बरी नसते” असलं गुळमुळीत सांगू नकोस. आई गोळ्या खाते, मनाच्या आहेत, त्या खाल्ल्या की तिला भाकऱ्या थापता येतात, एवढं सरळ सांग.

तुझीच, कुणाला न विचारता ठरवणारी,
आई